नाणेघाटाच्या खुणा : जुन्या आणि नव्या

अनोळखी मुलखांत पहिल्यानें जाणारा मनुष्य मागून येणारासाठीं कांहीं तरी खूण ठेवीत असतो. दगडावर दगड रचणें, झाडाच्या खोडाला चुना फांसणें, वळणावरच्या खडकावर बाण रेखाटणें, हे सारे त्या एकाच बुद्धीचे प्रकार होत. अलीकडे याच कामासाठीं मुठींत मावेल एवढें एक यंत्र मिळूं लागलें आहे. दोन पेन्सिल सेलांवर तें चालतें, आणि आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठें उभे आहों हें आंकड्यांनीं सांगतें. त्याला जीपीएस म्हणतात. या यंत्रांत खुणा कशा कराव्या, इतरांनीं केलेल्या खुणा त्यांत कशा भराव्या आणि त्यांवर कितपत विसंबावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी शनिवारीं रात्रीं पाठीवर पिशवी टाकून कल्याणची गाडी गांठते, त्या घराला तो परका वाटूं नये.

उदाहरणासाठीं आपण वैशाखरे येथील वाट घेऊं. कल्याणहून मुरबाड आणि टोकावडे मागें टाकून माळशेज घाटाकडे निघालें, म्हणजे हें गांव लागतें. येथून थोडें पुढें, रस्त्याच्या उजव्या अंगाला, नाणेघाटाची पाऊलवाट फुटते. आधीं रान, मग ओढ्याचीं कोरडीं किंवा भरलेलीं पात्रें, त्यानंतर झाडींतला चढ, आणि शेवटीं दोन कड्यांच्या मधून वर जाणारी दगडी पायऱ्यांची अरुंद नाळ, असा हा क्रम आहे. डोक्यावर नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा प्रचंड कडा उभा असतो. माथ्यावर पोंचलें कीं आपण कोंकण सोडून जुन्नरच्या मुलखांत शिरतों.

ही वाट सुमारें दोन हजार वर्षांची जुनी आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांचा माल याच घाटानें जुन्नरकडे चढत असे. घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यांत यज्ञांची आणि त्या प्रसंगीं दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची मोजदाद असून, ती ज्या अंकचिन्हांनीं लिहिली आहे तीं भारतांतील अत्यंत प्राचीन अंकांपैकीं होत. लेण्याजवळ पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत, असें परंपरा सांगते. निवारा कोठें, पाणी कोठें, जकात कोठें, हें वाटसरूला कळावें अशी सोय त्या लोकांनीं दगडांत करून ठेवली. आजच्या यंत्रांत आपण ज्या खुणा करतों त्यांचा हेतु याहून निराळा नाहीं. भेद एवढाच, कीं दगडांतली खूण जागेवरून हलत नाहीं; आंकड्यांतली खूण मात्र लिहिणाराच्या एका चुकीनें कोसच्या कोस दूर जाऊं शकते.

आधीं यंत्राविषयीं दोन शब्द. आकाशांत सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत तें ऐकतें. प्रत्येक संकेत येण्यास किती वेळ लागला यावरून त्या त्या उपग्रहाचें अंतर निघतें, आणि निदान चार उपग्रहांवरून आपलें स्थान निश्चित होतें. अमेरिकेची ही योजना १९९५ सालीं पूर्णपणें कामाला लागली. परंतु सामान्य लोकांना मिळणारा संकेत त्या वेळीं मुद्दाम बिघडवून सोडीत, आणि स्थान शंभर मीटरपर्यंतहि चुके. ही अडचण मे २००० मध्यें दूर झाली, आणि तेव्हांपासून हें यंत्र डोंगरांत खरोखर उपयोगी पडूं लागलें. उघड्या माळावर चूक पांच-दहा मीटरांच्या आंत राहते. नाणेघाटाच्या नाळेसारख्या ठिकाणीं मात्र आकाशाची एक चिंधीच दिसते, आणि संकेत कड्यांवर आपटून उशिरानें पोंचतात. म्हणून तेथें चूक वाढते.

हातांतला मोबाईल हेंच काम करीत असतां निराळें यंत्र कशाला, असें कोणी विचारील. मोबाईललाहि हे संकेत मिळतात, आणि त्यासाठीं मनोऱ्याची जरुरी नसते, हें खरें आहे. परंतु नकाशा घरींच उतरवून घेतला नसेल तर डोंगरांत पडद्यावर कोरी पाटी उरते. मुसळधार पावसांत ओल्या बोटांना पडदा दाद देत नाहीं. आणि विजेचा सांठा संपला कीं फोन करण्याचें साधनहि हातचें जातें. यंत्राचे सेल मात्र दोन मिनिटांत बदलतां येतात.

आतां खूण कशी करावी तें पाहूं. जागेवर उभें राहून केलेली खूण सर्वांत विश्वासाची. बहुतेक यंत्रांत एक ठराविक कळ कांहीं क्षण दाबून धरली, कीं त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपले जातात. या बिंदूला वेपॉईंट म्हणतात. कळ घाईनें दाबूं नये. यंत्र सुरू करून तें मोकळ्या आकाशाखालीं थोडा वेळ स्थिर धरावें, पडद्यावर दाखविलेला चुकीचा अंदाज कमी होऊं द्यावा, आणि मगच नोंद करावी. कित्येक यंत्रांत एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी काढण्याची सोय असते. गार्मिन कंपनी अशा चार ते आठ नोंदी, दोहोंमध्यें निदान ९० मिनिटांचें अंतर ठेवून, घ्याव्या असें सुचविते; कारण तेवढ्या वेळांत उपग्रहांची मांडणी बदललेली असते. वरतीं जातांना एक आणि उतरतांना एक अशा दोन नोंदी घेतल्या तरीहि पुष्कळ फरक पडतो.

खुणेला नांव द्यावें तें थोडक्यांत आणि अर्थपूर्ण असावें. यंत्र आपोआप ००१, ००२ असे आंकडे देतें. आठवड्यानंतर त्यांतला कोणता आंकडा टाक्याचा आणि कोणता फाट्याचा, हें खुद्द नोंद करणारालाहि आठवत नाहीं. पुष्कळ यंत्रांना देवनागरी अक्षरें नीट उमटवितां येत नाहींत, म्हणून नांव रोमन लिपींत घालावें लागतें. परंतु तें गांवकऱ्यांच्या तोंडचेंच असावें. वाटेवर गुरें वळणारा ठाकराचा किंवा महादेव कोळ्याचा मुलगा ज्या नांवानें तो ओढा ओळखतो, तेंच लिहावें; कारण अडचणीच्या वेळीं मदतीला तोच येणार, आणि त्याला आपलें मनःकल्पित नांव कळणार नाहीं.

दुसरी रीत घरीं बसून खुणा करण्याची. नकाशावरून किंवा पुस्तकांतून आंकडे घेऊन ते यंत्रांत घालावयाचे. येथें फार सावध राहिलें पाहिजे. एकच स्थान तीन तऱ्हांनीं लिहितां येतें. नाणेघाटाची खिंड सुमारें १९ अंश १७ कला ३१ विकला उत्तर अक्षांश, आणि ७३ अंश ४० कला ३३ विकला पूर्व रेखांश येथें आहे. हेंच दशांशांत लिहिलें तर १९.२९१९ आणि ७३.६७५८ होतें. तिसऱ्या पद्धतींत अंश निराळे ठेवून फक्त कलांचे दशांश करतात. कोणी पहिल्या पद्धतींतले आंकडे दशांश समजून १९.१७३१ आणि ७३.४०३३ असे घातले, तर घाट सुमारें ३० किलोमीटर नैऋत्येस सरकून मुरबाडच्या दक्षिणेला जाऊन बसतो. एवढी मोठी चूक निदान लक्षांत तरी येते. कलांच्या दशांशांची आणि विकलांची गल्लत झाली तर मात्र बिंदू थोडक्याच अंतरानें हलतो, आणि ती चूक अधिक घातक असते. कारण चुकीचा बिंदू खरा वाटण्याइतका जवळ असतो. एक विकला म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारें ३१ मीटर, हें मनांत धरावें. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापनावर आधारलेले आहेत, आणि यंत्र सामान्यतः डब्ल्यूजीएस ८४ ही पद्धत वापरतें. दोहोंत आपल्याकडे शंभर मीटरांच्या आसपास फरक पडतो. कड्याच्या कांठावर शंभर मीटर म्हणजे काय, हें सांगावयास नको.

तिसरी रीत तयार खुणा भरण्याची. यासाठीं जीपीएक्स नांवाची फाईल वापरतात. ही पद्धत २००२ पासून रूढ आहे. तींत प्रत्येक आंकड्यापुढें अक्षांश कीं रेखांश हें लिहिलेलें असतें, म्हणून घोटाळा सहसा होत नाहीं. यंत्र तारेनें संगणकाला जोडावें, आणि फाईल यंत्रांतील त्या नांवाच्या कप्प्यांत टाकावी, म्हणजे खुणा नकाशावर दिसूं लागतात. शेंकडों जागांची यादी असेल तर ती पीओआय, म्हणजे लक्षणीय स्थळें, या रूपानें भरणें सोयीचें पडतें. गार्मिनच्या यंत्रांसाठीं त्याच कंपनीचा पीओआय लोडर हा संगणकावरील कार्यक्रम आहे. त्याला दिलेल्या साध्या यादींत प्रथम रेखांश, मग अक्षांश, नंतर नांव आणि टीप, असा क्रम लागतो. आपल्याला अक्षांश आधीं लिहिण्याची संवय. तसें केलें तर नाणेघाट नॉर्वेच्या उत्तरेकडील थंडगार समुद्रांत जाऊन पडतो! या खुणा यंत्रावर दुरुस्त करतां येत नाहींत, आणि नवी यादी भरतांना जुनी पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून मूळ यादी संगणकावर जपून ठेवावी.

फाईल भरल्यावर निघण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. आपल्याला पक्की माहीत असलेली एक जागा, उदाहरणार्थ आपल्या घराचा दरवाजा किंवा वैशाखऱ्याचा एस.टी.चा थांबा, त्या यादींत घालावी. ती नकाशावर योग्य ठिकाणीं उमटली, तर त्याच रीतीनें लिहिलेल्या इतर खुणांचा क्रम आणि पद्धत बरोबर आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

येथपर्यंत आंकड्यांची गोष्ट झाली. परंतु आंकडे अचूक असूनहि खूण खोटी ठरूं शकते, ही या विषयांतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. कोणी ऑक्टोबरांत टाक्यांत पाणी पाहून ‘पाणी’ अशी खूण केली. तीच फाईल हातोहात फिरत एप्रिलमध्यें दुसऱ्या मंडळींच्या यंत्रांत शिरली. मुरबाडच्या डोंगरांत पावसाळ्यांत धो धो पाऊस पडतो, पण उन्हाळ्यांत गांवोगांवच्या बायकांना हंडा घेऊन दूर जावें लागतें. त्या खुणेवर भरंवसा ठेवून अर्धी बाटली घेऊन चढणाराची गत काय होईल? उलट, मार्च महिन्यांत ‘ओढा, सहज ओलांडतां येतो’ अशी टीप लिहिलेली जागा जुलैमध्यें माणसाला वाहून नेऊं शकते. म्हणून प्रत्येक खुणेबरोबर महिना आणि वर्ष लिहावें, आणि ती जागा स्वतः पाहिली कीं ऐकीव आहे हेंहि लिहावें. ज्या खुणेला तारीख नाहीं ती अफवा समजावी.

दुसरें असें, कीं यंत्राचा बाण नेहमीं सरळ रेषेंत रोंख दाखवितो. सह्याद्रींत सरळ रेषेला अर्थ नाहीं. दोनशें मीटरांवर दिसणारें टाकें दोनशें मीटर खोल दरीच्या पलीकडे असूं शकतें. माथ्यावर धुकें उतरलें असतां नुसत्या बाणामागें चालत जाणें म्हणजे जाणून बुजून कड्याकडे जाणें होय. यावर उपाय एकच. केवळ शेवटच्या मुक्कामाची खूण न करतां रस्ता सोडण्याची जागा, प्रत्येक फाटा, प्रत्येक ओढ्याचा उतार, पायऱ्यांची सुरुवात, लेणें, टाकीं, माथा आणि कड्याची धोक्याची कड, अशा ओळीनें खुणा कराव्या, म्हणजे एका खुणेपासून दुसरीपर्यंतचा टप्पा लहान राहतो. चढतांना हें काम थोडें कंटाळवाणें वाटतें. संध्याकाळीं उतरतांना त्याचें मोल कळतें.

शेवटीं घरांतील वडील माणसांसाठीं एक सूचना. मुलें निघण्यापूर्वीं त्यांच्या खुणांची यादी कागदावर उतरवून घरीं ठेवून घ्यावी, आणि परतण्याची वेळ विचारून ठेवावी. उशीर झालाच तर शोधावयास जाणारांना अंधारांत सारा डोंगर धुंडाळण्याऐवजीं आठ-दहा नेमक्या जागा पाहाव्या लागतील. नाणेघाटांत टाकीं खोदणाऱ्या कारागिरांना पुढें कोणाची तहान भागणार हें ठाऊक नव्हतें; तरी त्यांनीं काम चोख केलें. आपली खूणहि एखाद्या दिवशीं अनोळखी माणसाच्या हातीं पडेल, आणि तो तिच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकील, हें जाणून ती लिहावी.