टेस्टसाठी नाशिकच कशाला?

वणीच्या स्टँडवर नाशिकची एसटी पकडताना शाळेतला जुना दोस्त भेटला. दिंडोरी मागे पडेपर्यंत गप्प होता. मग हळूच म्हणाला, "एचआयव्हीची टेस्ट करायचीय." (त्याला विचारूनच लिहितेय, नाव सोडून.)

सरकारी दवाखान्यात ही टेस्ट फुकट होते. मग चाळीसेक किलोमीटर लांब कशाला? "वणीत केसपेपरच्या लाइनीत आईच्या भिशीतली एखादी काकू भेटतेच."

हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं. मीसुद्धा.

खरं तर आजाराचं चित्र पार बदललंय. २०१७ पासून आपल्याकडे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच मोफत उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळी आयुष्यभर घ्यायची. द्राक्षांचा सीझन आहे, वेळच नाही, असली कारणं चालत नाहीत. खाडे पडले तर विषाणू पुन्हा वाढतो, औषधालाही दाद देईनासा होऊ शकतो.

लोकांची नजर मात्र तेवढी बदललेली नाही. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात 'सेवालय'ची एचआयव्हीबाधित मुलं शाळेत आली, तर इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. एका बाकावर बसून कुणाला एचआयव्ही होत नाही, हे तेव्हाही माहीत होतंच की! २०१७ चा कायदा, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, सांगतो की संमतीशिवाय टेस्ट नाही, रिपोर्ट गुप्त ठेवायचा, शिक्षण-नोकरी नाकारायची नाही. पण भिशीतल्या काकूला कुठला कायदा लागू होणार?

याच भीतीत दोस्ताचे अकरा दिवस गेले. समुपदेशकाने त्याला सांगितलं, की धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत आला असतास, तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं देता आली असती. अकराव्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण इतक्या लवकर केलेल्या टेस्टवर विसंबता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे, नावही सांगावं लागत नाही. आणि ७२ तास लक्षात ठेवा.

परतीच्या एसटीत तो म्हणाला, "पुढची टेस्ट वणीतच करू. येशील?" लाइनीत मी त्याच्यासोबत उभी राहणार आहे. काकूंना काय वाटायचं ते वाटू दे.