ठोसा निघतो पायातून

बॉक्सरची ताकद मुठीत असते असं आपल्याला वाटतं. पण ठोसा निघतो तो मागच्या पायाच्या चवड्यातून! चवडा जमीन रेटतो, कंबर वळते, खांदा झेपावतो आणि पायापासून चढत आलेला सगळा जोर मुठीतून बाहेर पडतो. पाय लटपटले की ठोशातला जीवच जातो.

म्हणून तर मुरलीकांत पेटकर मला पुनःपुन्हा थक्क करतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्याच्या ईएमई दलात सिकंदराबादला होता. तिथे ते बॉक्सर म्हणून नावारूपाला आले. मग 1965चं युद्ध. अंगात गोळ्या घुसल्या, एक कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोचतच नाही. पाय शाबूत, वाट तुटलेली. ठोशाचं मूळच गेलं!

उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकणाऱ्या पोराला आपल्याकडे काठावरून सगळे ओरडत असतात, “पाय मार, पाय मार!” पण फ्रीस्टाइलमध्ये शरीर पुढे नेण्याचं मोठं काम हातच करतात. अंगाचा भार पाणी पेलतं. अडचण वेगळीच असते: न हलणारे पाय खाली जाऊ पाहतात, पाणी अडवतात आणि पुढे निघालेल्या माणसाला मागे खेचतात. ती ओढही हातांनीच तोडायची.

1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकरांनी 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत कापलं. विश्वविक्रम झाला आणि भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने आणलं ते थेट 2008मध्ये.

त्या सेकंदांचा हिशेब मांडून बघा. ताशी जवळपास 4.8 किलोमीटर! धडधाकट माणूस रस्त्याने चालतो तोच हा वेग. पायांनी जे चालणं थांबवलं, ते या माणसाने पाण्यात नुसत्या हातांनी करून दाखवलं. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, त्याआधी चार वर्षं तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले होते.

पद्मश्री मिळाली 2018 साली, वयाच्या 73व्या वर्षी. एवढा उशीर का, हा माझा राग अजून शमलेला नाही.