पाणी ‘घालणं’ आणि पाण्याने ‘भरणं’

बडोद्यात अलेंबिक हे नाव रस्त्यालासुद्धा आहे. इतकं सवयीचं, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचं जुनं भांडं. खाली द्रव तापवायचा, वर चढलेली वाफ नळीतून थंड करत दुसरीकडे गोळा करायची. 1907 साली इथे अलेंबिक केमिकल वर्क्स सुरू झाली, तेव्हा तिथे टिंक्चर आणि अल्कोहोल बनत असे. त्या उद्योगाच्या मुळाशी तीन नावं आहेत: प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन.

टिंक्चर म्हणजे औषधी द्रव्याचा अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क. त्यात गंमत अशी, की प्रत्येक द्रव्याला वेगळ्या ताकदीचं अल्कोहोल लागतं. राळेसारखे पदार्थ कडक स्पिरिटात विरघळतात. पाण्यात उतरणारे घटक हवे असतील तर स्पिरिट सौम्य लागतं. भट्टीतून मात्र येतं ते 95 टक्क्यांच्या आसपासचं. मग टिंक्चर करणाऱ्यासमोर रोज एकच प्रश्न: यात पाणी किती?

समजा, 70 टक्क्यांचं एक लिटर स्पिरिट हवं आहे. पाणी मिसळल्याने आतलं अल्कोहोल वाढत नाही की घटत नाही, ते फक्त जास्त जागेत पसरतं. म्हणून ताकद आणि आकारमान यांचा गुणाकार आधी जेवढा, नंतरही तेवढाच. हव्या असलेल्या बाजूला 70 गुणिले 1000. त्याला 95 ने भागलं की 737 मिलिलिटर. एवढं कडक स्पिरिट घ्यायचं. सूत्र एवढंच आहे, आणि ते आपल्याला परकं नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त सुवर्णगणित आहे. वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र आटवलं तर प्रत्येकाचं वजन आणि वर्ण, म्हणजे कस, यांचे गुणाकार करून बेरीज करायची, एकूण वजनाने भागायचं. मिश्रणाचा वर्ण मिळतो. शुद्ध करताना वजन घटलं, तर तीच बेरीज घटलेल्या वजनाने भागायची. वर्ण चढलेला निघतो. सोनाराच्या मुशीतून हीण जातं, आपल्या भांड्यात पाणी येतं. दिशा उलटी, हिशेब तोच.

आता पाणी. हजारातून 737 वजा केले की 263. कुणीही एवढंच पाणी मोजून ओतेल, आणि इथेच चुकेल. पाणी आणि अल्कोहोलचे रेणू एकमेकांत दाटीने बसतात, त्यामुळे मिश्रण आकसतं. 50 मिलिलिटर अल्कोहोलमध्ये 50 मिलिलिटर पाणी घातलं तर शंभर भरत नाही, सुमारे 97 भरतं. आपल्या लिटरभर स्पिरिटाला प्रत्यक्षात 288 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणून औषधनिर्माणाच्या पुस्तकात ‘263 मिलिलिटर पाणी घाला’ असं कधीच लिहिलेलं नसतं. ‘पाण्याने 1000 मिलिलिटरपर्यंत भरा’ असं असतं. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं क्रियापद हेच. मिश्रण गरमही होतं, तेव्हा ते गार होऊ द्यायचं आणि मगच शेवटची रेघ गाठायची.

सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत ही उष्णता जिवावर बेतू शकते. तिथे आधी पाणी घ्यायचं आणि त्यात आम्ल थोडंथोडं, ढवळत सोडायचं; उलट केलं तर पाणी जागच्या जागी उकळून आम्लासकट अंगावर उडतं.

टक्केवारीचा असा हिशेब रंगाईतही लागतो. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापन केलेल्या कलाभवनात तिचं शिक्षण मिळे. रंगाऱ्याची टक्केवारी निराळीच. ‘दोन टक्के छटा’ म्हणजे द्रावणात दोन टक्के नव्हे, कापडाच्या वजनाच्या दोन टक्के रंग. 500 ग्रॅम कापडाला 10 ग्रॅम रंग. एवढा थोडा रंग दर वेळी तोलण्यापेक्षा एक टक्क्याचं साठवणीचं द्रावण करून ठेवतात आणि त्यातलं लिटरभर मोजून घेतात. बाकी पाणी कितीही असो, रंग तेवढाच राहतो.

पातळ करण्याचं हे गणित 2020 साली, कोविडच्या साथीत, घरोघर शिरलं. आमच्या सोसायटीत जिने पुसायला 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट आणलं होतं आणि 1 टक्क्याचं द्रावण हवं होतं. पाचपट पातळ करायचं, म्हणून एका मगाला पाच मग पाणी असं ठरलं. त्याने सहा भाग होतात आणि ताकद 0.83 टक्क्यांवर येते. पाचपट म्हणजे एकूण पाच भाग, पाणी चारच. त्यात हे रसायन उन्हात आणि उकाड्यात आपोआप कमजोर होतं, आणि बडोद्याचा मे महिना काय असतो ते बडोदेकरच जाणतात. लेबलवरचे पाच टक्के प्रत्यक्षात तीन उरले असतील तर एकाला चार नव्हे, दोनच मग पाणी. म्हणून आधी बाटलीवरची तारीख पाहायची, बाटली सावलीत ठेवायची, आणि संडास धुण्याच्या आम्लाजवळ तिला कधीच न्यायचं नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी आम्ही बादलीवर ऑइलपेंटने दोन रेघा ओढल्या. एक लिटरवर पिवळी, पाच लिटरवर निळी. पिवळीपर्यंत औषध, निळीपर्यंत पाणी. सफाई करणाऱ्या मावशींनी मग कुणालाच काही विचारलं नाही.