संसार पुण्यात, अर्ज अमेरिकेत

कोथरूडमधलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा शिकागोत जन्मला-वाढला, हाती अमेरिकेचा पासपोर्ट. आजोबांच्या आजारपणात पुण्याला आला, इथेच नोकरी धरली, लग्न केलं. सून इथलीच. पाच वर्षं दोघं एका छपराखाली राहताहेत. आता परत जायचं ठरतंय आणि घरातून पहिला सल्ला येतो, ‘तू आधी पुढे हो, बस्तान बसव, मग तिला बोलावून घे.’

शिकायला गेलेल्या पिढीसाठी हा सल्ला रास्त होता. पण नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं मिळून अमेरिकेबाहेर राहत असतील, तर कायदा असं काही मागत नाही. या एका गैरसमजापायी चांगली नांदती जोडपी वर्ष-दीड वर्ष दोन खंडांत विभागली जातात. म्हणून हा लेख.

सुरुवात ‘आय-१३०’ या अर्जाने होते. तो सुनेने नव्हे, नागरिक असलेल्या नवऱ्याने भरायचा. फेब्रुवारी २०२० च्या आधी भारतात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला तो दिल्लीतल्या अमेरिकी इमिग्रेशन कार्यालयात देता येई. ती सोय बंद झाली. आता काही अपवाद सोडले तर सगळे अर्ज अमेरिकेतच तपासले जातात. मात्र पुण्यात बसून ते ऑनलाइन भरता येतात. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेली ऑनलाइन अर्जाची फी ६२५ डॉलर आहे. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागू नाही, रांग आहे ती फक्त कामकाजाची. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट वेगळी. त्याच्या जोडीदाराला कोट्याची मर्यादा आहे, आणि बायकोसोबत राहायला तो वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिला तर त्याचं स्वतःचं कार्डच धोक्यात येतं.

अर्जासोबत लग्न खरं असल्याचे पुरावे द्यायचे असतात. एकत्र राहणाऱ्यांना ते सोपं जावं, पण मराठी घरात अडतं ते इथेच. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल सासूबाईंच्या, गॅसही त्यांच्याच. पाच वर्षांचा संसार, पण दोघांची नावं एकत्र असलेला कागद घरात सापडत नाही. त्यात लग्नात सुनेचं नाव बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, लग्नपत्रिकेवर तिसरंच. ही गाठ आधी सोडवा. महापालिकेकडून विवाह नोंदणीचा ‘नमुना इ’ दाखला घ्या. मंगलाष्टकांचे फोटो त्याची जागा घेऊ शकत नाहीत. जोड खातं उघडा, विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत एकमेकांचं नामनिर्देशन करा, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घाला, एकत्र प्रवासाची तिकिटं जपा. हे जाण्याच्या बेताआधी, शांतपणे करून ठेवायचं काम आहे.

अर्ज मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि तिथे ‘आय-८६४’ हे हमीपत्र मागितलं जातं. घरोघरचा गोंधळ याच कागदावर होतो. हमी देणाऱ्याचं उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या कुटुंबासाठी ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होतं. पुण्यातला पगार कितीही घसघशीत असो, तीच नोकरी तिथे गेल्यावर चालू राहणार असेल तरच तो मोजला जातो. नाहीतर दोन वाटा उरतात. एक, बचत आणि मालमत्ता: नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. भारतातली मालमत्ताही चालते, पण वर्षभरात तिचे पैसे करून बाहेर नेता आले पाहिजेत. दुसरी वाट सहहमीदाराची. न्यू जर्सीतला मामा सही करू शकतो. त्याने मात्र समजून उमजून सही करावी, कारण पुढे घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी आपोआप संपत नाही.

मामाला एक गोष्ट करता येत नाही. नवऱ्याचं अमेरिकेतलं ‘डोमिसाइल’ तो उसनं देऊ शकत नाही. डोमिसाइल म्हटलं की आपल्याला सेतू केंद्रातला दाखला आठवतो. अमेरिकेत या कामासाठी असा दाखला नसतो. आपण तिथे कायम राहायला चाललो आहोत, हे नवऱ्याने कृतीतून पटवायचं असतं: तिथलं बँक खातं, मतदार नोंदणी, नोकरीचे अर्ज किंवा नेमणूकपत्र, भाड्याच्या घराचा करार, मुलांच्या शाळेशी झालेला पत्रव्यवहार, इथल्या नोकरीचा राजीनामा. भावाच्या घरी उतरणार असाल तर त्याचं तसं पत्र. एकच कागद पुरत नाही, सगळे मिळून पटले पाहिजेत. नियम सांगतो की हे वास्तव्य जोडीदाराच्या प्रवेशाच्या दिवशी किंवा त्याआधी सुरू व्हावं. ‘प्रवेशाच्या दिवशी’ हे दोन शब्द सासरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावेत असे आहेत.

पुढे जाणं कधीच योग्य नसतं, असं मी म्हणत नाही. सहहमीदार नाही, बचत नाही, तेव्हा तिथे नोकरी धरून उत्पन्न दाखवणं हाच उपाय उरतो. पण तो गरजेपोटी निवडलेला असावा, रीत म्हणून नव्हे.

हमीपत्राला गेल्या वर्षाचं अमेरिकी करविवरणपत्र जोडावं लागतं. ‘मी तर भारतात कमावतो’ म्हणून ते कधीच न भरलेले बरेच नागरिक इथे आहेत. अमेरिका आपल्या नागरिकांकडून जगात कुठेही मिळवलेल्या उत्पन्नाचा हिशेब मागते. नकळत राहून गेलं असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांच्या परदेशी खात्यांची माहिती देऊन नीट करून घेण्याची सोय आहे. याला वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी करा.

मूल पुण्यात जन्मलेलं असेल तर त्याचा विचार वेगळा करा. या श्रेणीत आईच्या अर्जात मूल आपोआप येत नाही. वडिलांनी अमेरिकेत एकूण पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, काढली असतील तर मूल जन्मतःच नागरिक असतं. वकिलातीत त्याची नोंद करून पासपोर्ट काढायचा. नाहीतर त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० लागतो.

दरम्यान कुणी सुचवतं, टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिथेच कागद करू. राहण्याचा बेत मनात ठेवून पर्यटक म्हणून शिरणं ही फसवणूक ठरू शकते आणि तिचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो. या फंदात पडू नका.

शेवटी वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणीचा दाखला, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. सून दुबईत वर्षभर राहिली असेल तर तिथलाही पोलीस दाखला लागतो. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. झाली असतील तर दहा वर्षांचं.

मुलाखतीला नवरा हजर असण्याची अट नाही. व्हिसाचा शिक्का बसला की दोघांची तिकिटं एकाच विमानाची काढता येतात.