करवंदीचें कुंपण

करवंद ठाऊक नाहीं असें मूल आपल्या किनाऱ्यावर सांपडणें कठीण. वैशाख लागला कीं डोंगराकडील कातकरी व ठाकर स्त्रिया पानांच्या द्रोणांत काळींभोर करवंदें घेऊन बाजारांत येतात, आणि शाळेला सुटी असल्यामुळें गिऱ्हाइकांत मुलांचाच भरणा अधिक असतो. करवंद दातांनीं अर्धें तोडून “कोंबडा कीं कोंबडी?” अशी पैज लावण्याचा खेळ आम्हीं खेळलों, आमच्या वडिलांनींहि खेळला. आंत तांबडें निघालें तर कोंबडा, पांढरट निघालें तर कोंबडी. परंतु “करवंदीचें रोप स्वहस्तें कोणीं लावलें आहे?” असें विचारलें, तर सगळा वर्ग गप्प बसेल. जें डोंगर फुकट देतो तें घरीं कशास लावावयाचें, असा आपला समज. मात्र ज्या उतारांवर पूर्वीं जाळ्या होत्या, तेथें कोठें रस्ता झाला, कोठें बंगले उठले, आणि उरलेल्या जागीं उन्हाळ्यांत वणवे लागतात. तेव्हां हा समज आतां सोडावा हें बरें.

मला हें सुचलें तें कांहीं दूरदृष्टीनें नव्हे, तर संकटानें सुचलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें आणि श्रीवर्धन, मुरुड, अलीबाग या बाजूंच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्यानें आडव्या केल्या, हें सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या वाडीच्या एका अंगाचें तारेचें कुंपण पडलेल्या आंब्याखालीं चेपून गेलें. तार तशीहि खाऱ्या वाऱ्यानें गंजून खिळखिळी झालीच होती. दुसऱ्याच दिवसापासून गुरें आंत शिरूं लागलीं. नवी तार आणण्याच्या गोष्टी चालल्या असतां आजी म्हणाली, “तेथें करवंदीची जाळी होती. तुमच्या आजोबांनीं ती तोडून तार घातली. जाळी असतां कधीं गुरूं आंत आलें नाहीं.”

जाळीला ही अडविण्याची शक्ति कशानें येते, हें समजण्याजोगें आहे. बहुतेक झाडांची फांदी शेंड्याच्या कोंबानें लांब लांब वाढत जाते. करवंदीचा शेंडा मात्र वाढावयाचा थांबतो आणि त्याचेच कठीण, जोडीचे कांटे बनतात. मग खालच्या पानांच्या बगलेंतून नव्या डहाळ्या फुटतात व पुढें त्यांचेंहि तसेंच होतें. अशा रीतीनें झुडूप उंच न जातां दाट होतें, आणि जितकें दाट तितकेंच कांटेरी. लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६७ सालीं त्यास कॅरिसा कॅरंडस असें नांव दिलें. त्यांतील दुसरा शब्द आपल्याच देशी नांवांवरून घेतलेला आहे. संस्कृतांत करवंदास करमर्द म्हणतात. कण्हेर व सदाफुली हीं त्याचीं भावंडें, म्हणूनच पान तोडलें कीं पांढरा चीक येतो. (येथें पालकांस एक सूचना: याच कुळांतील पिवळ्या कण्हेरीचें बीं अत्यंत विषारी आहे. मुलांनीं ओळखीचें करवंदच खावें, चिकाचें दुसरें कोणतेंहि अनोळखी फळ तोंडांत घालूं नये.)

आतां माझी फजिती सांगतों. २०२१ च्या मे महिन्यांत मीं मोठ्या हौसेनें दोन शेर करवंदांचें बीं काढलें. आषाढाच्या धारेनें तें वाहून जाईल या भीतीनें काकडी-भोपळ्याच्या बियांप्रमाणें राखेंत घोळून बरणींत भरून ठेवलें, आणि पाऊस ओसरल्यावर भाद्रपदांत पेरलें. महिना गेला, दोन महिने गेले. एक कोंब वर आला नाहीं. मीं मातीस दोष दिला, मुंग्यांस दिला. खरा दोष बरणीचा होता. करवंदाचें बीं ठेवणींतलें नव्हे. तें फळांतून निघाल्यापासून लवकरच आपली उगवणशक्ति घालवून बसतें. रानांत बुलबुल फळ खाऊन बीं टाकतात आणि मागोमाग मृगाचा पाऊस येतो. त्या बियांस थांबण्याची संवयच नाहीं.

पुढील वर्षीं म्हणून असें केलें. झुडपावरच पूर्ण पिकलेलीं मोठीं करवंदें निवडलीं, पाण्यांत कुसकरून गर धुऊन काढला, बीं सावलींत एक दिवस सुकविलें आणि दुसऱ्या दिवशीं लगेच पेरलें. माती, वाळू व कुजलेलें शेणखत यांच्या मिश्रणानें पिशव्या भरल्या व त्या पडवीच्या कडेस, जेथें पागोळी थेट पडणार नाहीं अशा जागीं ठेवल्या. बीं बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षां खोल घातलें नाहीं. सुमारें तीन आठवड्यांनीं कोंब दिसले. पहिल्या वर्षीं रोप वीतभरच वाढतें. तें पाहून निराश होऊं नये. त्यास वर्षभर पिशवींतच राहूं द्यावें आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं जमिनींत न्यावें.

कुंपणासाठीं दोन दोन फुटांवर रोपें लावावींत. फळांसाठीं सुटें झुडूप हवें असेल, तर सात-आठ फूट जागा मोकळी ठेवावी. जांभ्याची मुरमाड जमीन करवंदीस मानवते. पाणी सांचून राहिलें तर मात्र ती मरते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यांतून एक-दोनदां पाणी द्यावें, पुढें तिची काळजी तीच घेते. लहानपणीं मात्र शेळीपासून जपावें, कारण कांटे कठीण होईपर्यंत रोपास कसलेंच संरक्षण नसतें. आमच्या पहिल्या ओळींतील नऊ रोपें अशींच गेलीं.

छाटणीविषयीं बहुतेकांची चूक होते. फुलें डहाळीच्या टोंकास, झुबक्यांनीं, साधारण माघ-फाल्गुनांत येतात. मार्गशीर्ष-पौषांत कुंपण नीटनेटकें दिसावें म्हणून कात्री चालविली, कीं त्या वर्षींचीं करवंदें केरांत गेलीं असें समजावें. छाटणी फळें उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी.

बियांपासून केलेलें झाड आईसारखेंच गोड निघेल याचा भरंवसा नाहीं. विशिष्ट झुडपाचेंच फळ हवें असेल, तर पावसाळ्यांत त्याच्या डहाळीस गुटी बांधावी. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ नांवाची जातहि काढली आहे. कुंपणासाठीं मला रानटीच बरी वाटते.

कच्चीं करवंदें लोणच्यास उत्तम. शिवाय त्यांत पेक्टिन भरपूर असल्यामुळें जेलीहि सहज धरते. पण आमच्या घरीं अजून तो प्रसंग आलेला नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत कुंपणास प्रथमच फळ धरलें. सगळीं मिळून ओंजळभर होतीं. आजीनें पहिलें करवंद दातांखालीं तोडून आंत पाहिलें आणि कोंबडा असें जाहीर केलें. धाकट्या भावंडांचें म्हणणें, ती कोंबडी होती.