समुद्रसफर ठरविण्यापूर्वी

उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपारा बंदरातील व्यापाऱ्यांच्या बैठकीचे वर्णन आहे. दूरदेशी जाऊन आलेले वणिक एकत्र बसतात आणि कोणता माल कोठे नेला, त्याच्या बदल्यात काय आणले, हे प्रत्येक जण सांगतो. कोणी कोसल देशात घोडे नेऊन हत्ती आणले, तर कोणी रत्नद्वीपास कडुनिंबाची पाने नेऊन रत्ने आणली. नव्याने निघू पाहणारा लोभदेव हे सारे ऐकतो आणि मगच रत्नद्वीपाचा बेत करतो. जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी चौकशी करण्याची ही रीत आपल्या समाजात इतकी जुनी आहे.

आज त्याच किनाऱ्यावरून आपली कुटुंबे विसाव्यासाठी समुद्रावर जाऊ लागली आहेत. पेण-रोह्याच्या व्यापारी घरांतून आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, नणंदा-भाच्यांचे एकत्र येणे, दिवाळीनंतर दुकानाला मिळालेली चार दिवसांची उसंत अशा निमित्तांनी क्रूझचा विषय निघतो. तरुण मंडळी मोबाइलवर दर पाहतात, सवलतीची मुदत ‘आज रात्रीपर्यंत’ असते आणि रक्कम भरली जाते. घरातील आजीचा चौविहार जहाजावर कसा सांभाळला जाणार, हा प्रश्न मात्र त्यानंतर निघतो.

पालिताणा किंवा शिखरजीच्या यात्रेत आपल्याबरोबर रसोइया असतो, मुक्कामी भोजनशाळा असते आणि काही अडले तर बस थांबविता येते. जहाज सुटल्यावर यांपैकी काहीच हाताशी नसते. त्यामुळे घरात ज्यांचे नियम सर्वांत कडक आणि प्रकृती सर्वांत नाजूक, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून सारी चौकशी करावी आणि उत्तरे लेखी घ्यावीत. रक्कम त्यानंतर भरावी.

ऋतू आणि तिथी

जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर दर्या खवळलेला असतो. त्या दिवसांत मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरी सहसा नसतात. ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२३ च्या पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंथुराई या बंदरांकडे नेण्यात आले होते. आपला चातुर्मासही याच दिवसांत येतो. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचा, साधारण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ आपल्या कुटुंबांना सर्व दृष्टींनी सोयीचा. समुद्र शांत, हवा सुखद आणि दिवाळीचा व्यापार उरकलेला. नाताळच्या आठवड्यात मात्र दर चढतात. एप्रिल-मे मध्ये शाळांना सुट्टी असते, पण लग्नसराईमुळे दुकान सोडवत नाही. चैत्रातील आयंबिल ओळीचे नऊ दिवसही पंचांगात आधी पाहून घ्यावेत. सफरीचे दिवस ठरविताना अष्टमी-चतुर्दशी कोठे येतात, तेही पाहावे.

सूर्यास्त आणि जेवणाची वेळ

मुंबईच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरअखेर व डिसेंबरच्या आरंभी सूर्य सायंकाळी सुमारे सहा वाजता मावळतो, तर मेअखेर सव्वासातच्या सुमारास. जहाजावरील रात्रीचे भोजनगृह पुष्कळदा सात वाजता किंवा त्याहूनही उशिरा उघडते. म्हणजे थंडीची सफर समुद्राच्या दृष्टीने उत्तम असली, तरी चौविहार करणाऱ्यांसाठी अडचण त्याच दिवसांत अधिक. तेव्हा ‘जैन जेवण मिळते का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘सायंकाळी साडेपाचपूर्वी गरम जैन जेवण कोठे आणि कोणत्या दिवशी मिळेल?’ असे नेमके विचारावे. चढण्याच्या दिवशी नोंदणी, केबिनचा ताबा आणि सुरक्षा-कवायत यांतच संध्याकाळ होते. त्या पहिल्या दिवसाची सोय वेगळी विचारून ठेवावी. उतरण्याच्या सकाळी न्याहारी फार लवकर आटोपली जाते. डिसेंबरात मुंबईचा सूर्योदय सातच्या सुमाराचा, म्हणजे नवकारशी पावणेआठच्या पुढे. त्या दिवशी कोरडा फराळ जवळ असलेला बरा.

परदेशी जाणाऱ्यांनी तेथील सूर्य विचारात घ्यावा. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास होतो आणि चौविहार सांभाळणे तुलनेने सोपे जाते. नॉर्वेच्या उत्तरेकडे जून महिन्यात सूर्य मावळतच नाही. अशा सफरीचे पच्चक्खाण कसे घ्यावे, हे निघण्यापूर्वी महाराजसाहेबांना विचारून घ्यावे.

ताटात काय असेल

मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर आणि सिंगापूरहून भारतीय प्रवासी नेणाऱ्या जहाजांवर जैन जेवणाची मागणी नवी राहिलेली नाही. तथापि स्वयंपाकघरातील ‘जैन’ म्हणजे बहुधा कांदा-लसूण-बटाटा वगळणे, एवढेच असते. आपण स्वतः यादी करून द्यावी : आले, गाजर, बीट, मुळा, सुरण, मशरूम आणि मध वर्ज्य, केक व पेस्ट्रीत अंडे नको, पुडिंग, जेली, मार्शमेलो यांत जिलेटिन असू शकते, काही चीजमध्ये प्राणिज रेनेट वापरतात. शाकाहारी भांडी व तेल वेगळे असते का, तेही विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर सफर निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्या हाती आहेच.

उकाळलेले पाणी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये विजेची किटली, पाणी तापविण्याचा रॉड, इस्त्री यांस सामान्यतः मनाई असते आणि तपासणीत त्या वस्तू काढून ठेवल्या जातात. दिवा, अगरबत्ती, मेणबत्तीही चालत नाही. पाणी भोजनगृहातूनच मिळवावे लागते. तशी विनंती आरक्षणात नोंदवून घ्यावी आणि चढल्यावर मुख्य वाढप्यास पुन्हा भेटावे. सामायिक, प्रतिक्रमण, माळ यांस केबिन पुरेशी असते.

घरी शिजविलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली खाखऱ्यांची किंवा सुक्या नाश्त्याची पाकिटे बहुधा चालतात, पण नियम कंपनीगणिक बदलतो. मळमळीवर जहाजावरचे कर्मचारी पुष्कळदा ओले आले देऊ करतात. आपल्याला चालणारी सुंठ घरूनच न्यावी. मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच आणून ठेवावी.

केबिन कोणती घ्यावी

केबिनचे साधारण चार प्रकार असतात : आतली बिनखिडकीची, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनीची आणि सुट. जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या डेकवर. वृद्धांसाठी अशीच, लिफ्टजवळची केबिन मागावी. अगदी स्वस्त दरात पुष्कळदा केबिनचा क्रमांक कंपनी आपल्या सोयीने देते. तेव्हा एकाच कुटुंबाच्या चार खोल्या चार मजल्यांवर जाऊ शकतात. एकत्र राहावयाचे असेल, तर क्रमांक निश्चित करून, शेजारच्या केबिन लिहून घ्याव्यात. एका केबिनमधील तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीचे भाडे कमी असते, परंतु ती खाट भिंतीतून किंवा छतातून उघडणारी असते. तेथे आजोबांना झोपविता येणार नाही.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रात नांगर टाकून लहान होड्यांतून बेटावर नेतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना त्या होडीत उतरणे अवघड जाते आणि वारा सुटल्यास बेटाचा कार्यक्रम रद्दही होतो. बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार करारानुसार कप्तानाकडे असतो.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतील आकडा हा हिशेबाचा आरंभ समजावा. त्यावर बंदर-शुल्क, जीएसटी आणि परदेशी जहाजांवर दरडोई दररोजची ग्रॅच्युइटी येते. वाय-फाय, बंदरावरील सहली आणि काही भोजनगृहे यांचे शुल्क निराळे असते. मद्याचे पॅकेज आपल्या उपयोगाचे नाही. ते दरात गुंफलेले असेल, तर ते वगळून दर मागावा. जहाजावर कॅसिनो असतो आणि खर्च केबिनच्या कार्डावर चढत जातो. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घेता येते का, ते पहिल्याच दिवशी विचारावे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता टीसीएस गोळा करतो. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, तोवर रक्कम मात्र अडकून राहते. त्याचे दर अलीकडच्या अर्थसंकल्पांत बदलत आले असल्याने आपल्या करसल्लागारास विचारावे आणि ज्यांच्या नावे श्रेय घ्यावयाचे त्यांचाच पॅन द्यावा. घरगुती सहलीचे बिल दुकानाच्या नावावर घेतले, तरी वैयक्तिक उपभोगावरील जीएसटीची वजावट कायद्याने मिळत नाही.

समाजाच्या मंडळाने एकत्र आरक्षण केल्यास सवलत मिळते आणि जैन जेवणासाठी आग्रहही धरता येतो. तेथे ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून तोंडी व्यवहार होऊ नये. रक्कम कंपनीच्या किंवा अधिकृत एजंटाच्या खात्यात जावी आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावे पावती असावी. सफरीची तारीख जवळ येईल तशी रद्द करण्याची कपात वाढत जाते. तो तक्ता प्रत्येकाच्या हाती द्यावा. जहाजकंपन्याही बुडतात, हे आपण पाहिले आहे. मुंबईहून सफरी करणारी ‘जलेश क्रूझेस’ २०२० मध्ये बंद पडली आणि तिचे ‘कर्णिका’ हे जहाज अलंगला मोडीत गेले. २०२२ च्या जानेवारीत सिंगापूरहून चालणाऱ्या ‘ड्रीम क्रूझेस’ची मूळ कंपनीही अवसायनात गेली. म्हणून वर्षभर आधी संपूर्ण रक्कम भरण्यापेक्षा अनामत भरून बाकी रक्कम शेवटच्या मुदतीस देणे श्रेयस्कर.

कागदपत्रे आणि प्रकृती

देशांतर्गत सफरीसही मूळ ओळखपत्र लागते. तिकिटावरील नाव त्याच्याशी अक्षरशः जुळावे. आपल्या घरांत एका भावाच्या आधारवर ‘शहा’ तर दुसऱ्याच्या पासपोर्टवर ‘शाह’ असते. इंग्रजी अक्षरेही त्याप्रमाणे बदलतात. आरक्षणापूर्वी सर्वांची ओळखपत्रे एकदा टेबलावर मांडून पाहावीत. लक्षद्वीपसाठी प्रवेश-परवाना आवश्यक असतो. तो कोण काढणार आणि कागद केव्हापर्यंत द्यावयाचे, हे विचारावे. परदेशासाठी पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली असावी. सिंगापूर किंवा दुबईहून निघून दुसऱ्या देशास स्पर्श करून तेथेच परतावयाचे असेल, तर पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भरावी लागते आणि परदेशी जहाजावर ती डॉलरमध्ये असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विम्याच्या अर्जात न लपविता लिहावेत. लपविलेल्या आजारावर दावा नाकारला जाऊ शकतो. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोहोचतात. बहुतेक कंपन्या चोवीस आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस भरलेल्या गर्भवतीस आणि सहा महिन्यांखालील बाळास घेत नाहीत.

निघण्याचा दिवस

मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ते बॅलार्ड पिअर भागात आहे. पेणहून चिरले येथे अटल सेतूवर चढून शिवडीस उतरता येते. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २१.८ किलोमीटरचा हा सेतू खुला झाल्यापासून वाशी-चेंबूरच्या गर्दीचा वळसा वाचला आहे. तरीही जहाजाची नोंदणी सुटण्याच्या बरीच आधी बंद होते आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. रोह्याच्या मंडळींनी तर आदल्या रात्रीच मुंबईत नातेवाइकांकडे पोहोचावे.

चढल्यावर सुरक्षेची कवायत होते. ती टाळून कोणी केबिनमध्ये विश्रांती घेऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पेण-अलिबागच्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या आधुनिक जहाजावरही ३२ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वीच किंवा सुटताक्षणी ही कवायत घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आपले जीवरक्षक जॅकेट कोठे आहे आणि कोणत्या ठिकाणी जमावयाचे, हे घरातील लहान-थोर सर्वांनी पाहून ठेवावे.

ही सारी चौकशी एका कागदावर मावते : जेवणाच्या वेळा, वर्ज्य पदार्थ, पाणी, केबिनचे क्रमांक, एकूण रक्कम, रद्द केल्यास कपात, कागदपत्रे आणि विमा. कंपनीचे किंवा एजंटाचे लेखी उत्तर आले की तो कागद संध्याकाळी घरच्या बैठकीत आजी-आजोबांना सावकाश वाचून दाखवावा. त्यांच्या शंका उरल्या, तर त्या पुन्हा विचाराव्यात आणि त्यांचा होकार आल्यावर रक्कम भरावी.