बॉम्ब अचूक, पत्ता चुकीचा

७८ दिवस. सुमारे ३८ हजार उड्डाणे, त्यांतली साडेदहा हजारांच्या आसपास प्रत्यक्ष हल्ल्याची. टाकलेले बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे २३ हजारांहून अधिक. २४ मार्च ते १० जून १९९९ या काळात नाटोने युगोस्लाव्हियावर केलेल्या हवाई मोहिमेचा, ‘ऑपरेशन अलाइड फोर्स’चा, हा ढोबळ हिशेब. युद्धांच्या पुस्तकांत हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. गुप्तचर यंत्रणांचे काम समजून घ्यायचे असेल तर मात्र त्याच मोहिमेतले दोन वेगळे आकडे जास्त उपयोगी पडतात. एक ९७६, आणि दुसरा नुसता १.

९७६ म्हणजे मोहीम संपताना टार्गेटच्या मुख्य यादीत असलेली संख्या. सुरुवातीला तीत १६९ च जागा होत्या. दोन-तीन दिवस मार बसला की युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच नमते घेईल, असा होरा होता. तो फसला आणि उलटीच अडचण उभी राहिली. विमाने होती, बॉम्ब होते, वैमानिक होते. तपासून-पारखून ठेवलेली लक्ष्ये संपत आली. ७८ दिवसांत ८०७ जागांची भर पडली, म्हणजे रोज सरासरी दहा. नाटोचे सरसेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांनी तर एका टप्प्यावर २,००० टार्गेटचा आकडा पुढे ठेवला. त्या वर्षी जगभर संगणकांतल्या ‘वाय-टू-के’ दोषाची धास्ती होती, तेव्हा नियोजनाच्या खोल्यांतल्या अधिकाऱ्यांनी या मागणीचे कुचेष्टेने ‘टी-टू-के’ असे बारसे केले.

१ हा आकडा सीआयएचा. एवढ्या सगळ्या यादीत सीआयएने स्वतः शोधून, स्वतः कागदपत्रे तयार करून सुचवलेले टार्गेट एकच होते. ७ मेच्या रात्री त्यावर पाच बॉम्ब पडले. ती इमारत नव्या बेलग्रेडमधला चीनचा दूतावास निघाली. तीन चिनी पत्रकार ठार झाले, वीसच्या वर माणसे जखमी झाली.

हे कसे घडले, हे पाहण्याआधी टार्गेट कसे ‘तयार’ होते ते पाहायला हवे. अमेरिकी सैन्याच्या नियमावलीत संयुक्त लक्ष्यनिश्चितीचे सहा टप्पे दिलेले असतात. सेनापतीचे उद्दिष्ट, लक्ष्यांची घडण, कोणते शस्त्र लागेल याचा हिशेब, निर्णय आणि कामाची वाटणी, प्रत्यक्ष कारवाई, आणि शेवटी परिणामाची मोजदाद. ‘संयुक्त’ अशासाठी की टार्गेट भूदल सुचवू शकते, त्यावर क्षेपणास्त्र नौदल सोडू शकते आणि नुकसानीचा फोटो हवाई दल आणू शकते. या सहाही टप्प्यांत गुप्तचर यंत्रणा असतातच, पण त्यांचा खरा भार दुसऱ्या टप्प्यावर. ही इमारत काय आहे, आत काय चालते, ती पाडल्याने शत्रूचे नेमके काय अडते, आजूबाजूला शाळा-दवाखाने किती, आणि ती पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे उभी आहे, हे सगळे एका फोल्डरमध्ये भरायचे. प्रत्येक जागेला डेटाबेसमधला एक ओळख क्रमांक असतो. त्याला जोडून उपग्रहाची छायाचित्रे, टिपलेले संदेश, माणसांकडून कळलेली माहिती आणि मोजून काढलेले अक्षांश-रेखांश येतात. ठिकाणाची मोजणी नकाशा संस्थेची, लष्करी ठाण्यांची नोंदवही संरक्षण गुप्तचर संस्थेची, टिपलेले संदेश एनएसएचे. दुसरीकडे उलटी यादीही ठेवतात. दूतावास, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, धरणे यांची. हिला ‘नो-स्ट्राइक’ यादी म्हणतात.

सीआयए सहसा हे काम अशा रीतीने एकटी करत नाही. तिचे नेहमीचे गिऱ्हाईक राष्ट्राध्यक्ष, वैमानिक नव्हे. या खेपेला शस्त्रास्त्रांच्या चोरट्या प्रसारावर नजर ठेवणाऱ्या तिच्या लोकांना युगोस्लाव्हियाच्या लष्करी खरेदी संचालनालयाचे मुख्यालय उडवावेसे वाटले. संस्था खरी होती, तिचा शस्त्रव्यवहार खरा होता आणि पत्ताही ठाऊक होता: २, बुलेवार उमेत्नोस्ती. हा पत्ता जमिनीवर कुठे येतो, एवढेच शोधायचे होते.

ते शोधायला तीन नकाशे वापरले. दोन बाजारात मिळणारे, १९८९ आणि १९९६ चे. तिसरा अमेरिकी सरकारचा, १९९७ चा. तिन्हींवर ना त्या संचालनालयाचे नाव होते, ना चिनी दूतावासाची नवी जागा. मग समांतर रस्त्यांवरच्या माहीत असलेल्या घरक्रमांकांवरून, पायदळाचा जवान डोंगराच्या दोन टोकांवरून आपली जागा काढतो त्या पद्धतीने, ‘२’ हा क्रमांक कुठे यावा याचा अंदाज बांधला गेला. घरांचे क्रमांक सगळीकडे सारख्याच शिस्तीने पुढे सरकतात, हे त्यामागचे गृहीतक. पुण्याच्या पेठांमध्ये ज्याने कधी घर शोधले आहे त्याने हे गृहीतक पहिल्याच कोपऱ्यावर सोडून दिले असते. अंदाजाने निघालेली इमारत खऱ्या मुख्यालयापासून सुमारे ३०० मीटरवर होती.

इथून पुढे सगळे अचूक झाले, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. निवडलेल्या इमारतीचे अक्षांश-रेखांश काटेकोर मोजले गेले. मिसुरीतल्या व्हाइटमन तळावरून बी-२ विमान निघाले. अशी एकेक फेरी जाऊन-येऊन तीस तासांच्या घरात जाई. या विमानांनी मोहिमेतली एक टक्काही उड्डाणे केली नाहीत, तरी एकूण बॉम्बपैकी सुमारे ११ टक्के त्यांनी टाकले, कारण त्यांच्याकडे उपग्रहाच्या संकेतांवर चालणारे नवे ‘जेडॅम’ होते. हे विमान आणि हा बॉम्ब, दोघांचेही हे पहिलेच युद्ध. जेडॅमकडून अपेक्षित अचूकता १३ मीटरची होती. याचा अर्थ, टाकलेल्या बॉम्बपैकी निदान निम्मे नेमक्या बिंदूपासून १३ मीटरच्या आत पडले पाहिजेत. त्या रात्री पाचही बॉम्ब सांगितलेल्या इमारतीवर पडले.

अमेरिकी सैन्यात टार्गेटच्या स्थाननिश्चितीत किती चूक असू शकते याच्या सहा श्रेणी आहेत. पहिलीत ६ मीटरपर्यंत, दुसरीत १५, तिसरीत ३०, चौथीत ९१, पाचवीत ३०५ मीटरपर्यंत, त्यापलीकडे सहावी. ३०० मीटर ऐकल्यावर आपण हे प्रकरण पाचव्या श्रेणीत टाकू. पण तसे करता येत नाही. ही श्रेणी अक्षांश-रेखांशांची गुणवत्ता सांगते, आणि दूतावासाच्या इमारतीचे अक्षांश-रेखांश तर चोख होते. ‘ही इमारत म्हणजे ती संस्था’ या वाक्यात किती दम आहे, हे सांगणारा आकडा फोल्डरमध्ये कुठेच नव्हता. मीटरमध्ये मोजता येणारी गोष्ट मोजली गेली. जी मोजता येत नव्हती ती खरी धरली गेली.

मग बाकीच्या चाळण्यांचे काय? दूतावास १९९६ मध्ये जुन्या बेलग्रेडमधून नव्या बेलग्रेडमध्ये हलला होता. लष्कराच्या आणि गुप्तचरांच्या एकूण एक डेटाबेसमध्ये तो जुन्याच जागी राहिला. नो-स्ट्राइक यादी तपासली गेली तेव्हा तिने काहीच हरकत घेतली नाही. जुन्या जागेवर कोणी बॉम्ब टाकत नव्हते. वरच्या पातळीवर टार्गेट योग्य आहे का, आसपास किती हानी होईल, याची चर्चा झाली. पत्ता पुन्हा पडताळायचे कोणाच्या मनात आले नाही. तीन-चार ठिकाणी तपासणी झाली म्हणावे, तर सगळ्यांच्या हातात तोच एक कागद. उपग्रहाच्या छायाचित्रातून ध्वज किंवा पाटी असे काही दिसले नाही. एका गुप्तचर अधिकाऱ्याला शंका आली होती. ती फोनवरून नेपल्सच्या संयुक्त कृती दलापर्यंत गेलीही, पण हल्ला थांबवू शकणाऱ्या कोणापर्यंत वेळेत पोहोचली नाही.

हा सगळा तपशील सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी जुलै १९९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितला. आपल्या काही कर्मचाऱ्यांना दूतावासाची खरी जागा ठाऊक होती, हेही त्यांनी कबूल केले. अमेरिकी अधिकारी त्या इमारतीत जाऊन-येऊन होते. पण ज्यांना माहीत होते त्यांना कोणी विचारले नाही, कारण त्या वेळी दूतावास कोणी शोधतच नव्हते. १९९८ या आर्थिक वर्षात अमेरिकेचा गुप्तचर यंत्रणांवरचा जाहीर खर्च २६.७ अब्ज डॉलर होता. हल्ला चुकून झाला, हा खुलासा चीनने कधीच मान्य केला नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने आणि डेन्मार्कच्या ‘पोलितिकेन’ने हल्ला जाणूनबुजून केल्याचे छापले; अमेरिका आणि ब्रिटनने ते फेटाळले. बीजिंगमध्ये ज्यांनी खुलासा ऐकला त्यांना एवढी मोठी यंत्रणा एवढी ढिसाळ असेल हे पटले नाही, याचे मला नवल वाटत नाही. मात्र डेटाबेस अद्ययावत ठेवणे हे कोणत्याही कचेरीत कोणाच्या पदरात पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते पटायला जड जाऊ नये.

हिशेब असा मिटला: मृतांच्या कुटुंबीयांना आणि जखमींना ४५ लाख डॉलर, इमारतीसाठी २ कोटी ८० लाख डॉलर. चीनमधल्या निदर्शनांत अमेरिकी कचेऱ्यांचे जे नुकसान झाले, त्यापोटी चीनने २८ लाख ७० हजार डॉलर दिले. एप्रिल २००० मध्ये सीआयएने एका अधिकाऱ्याला काढले आणि सहा जणांना समज दिली.

इमारत ओळखणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग. आखाती युद्धात, १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे, बगदादच्या अमिरिया भागातल्या एका बंकरवर दोन लेझर-नियंत्रित बॉम्ब पडले. तो लष्करी आदेशकेंद्र म्हणून वापरला जातो, अशी गुप्तचरांची माहिती होती. जागा बरोबर, बॉम्ब बरोबर. रात्री आसपासची कुटुंबे तिथे निजायला येतात, हे मात्र फोल्डरमध्ये नव्हते. चारशेहून अधिक माणसे गेली. आकाशातून छत दिसते. छताखाली कोण आहे हे कळायला खाली कान लागतात, आणि बगदादमध्ये ते फारसे नव्हते.

बेलग्रेडनंतर अमेरिकेने पद्धत कडक केली. आता छाननी आणि मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. छाननीत वेगवेगळ्या गुप्तचर संस्था मूळ माहिती खरी आहे का ते तपासतात. मान्यतेत हल्ला कायद्याला आणि उद्दिष्टाला धरून आहे का ते पाहतात. ठरवून केलेल्या हल्ल्यांत हे बऱ्यापैकी चालते. घाईच्या हल्ल्यांत काय होते ते ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अफगाणिस्तानात कुंदूझला दिसले. तिथल्या एमएसएफ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेच्या रुग्णालयाची जागा अमेरिकेला लेखी कळवलेली होती आणि नो-स्ट्राइक यादीत ती होतीही. पण एसी-१३० विमान ठरल्या वेळेच्या ६९ मिनिटे आधी उडाले आणि ती यादी विमानात पोहोचलीच नाही. हवी असलेली इमारत सुमारे ४०० मीटरवर होती. अर्ध्या तासात २११ गोळे डागले गेले, एमएसएफच्या मोजणीनुसार ४२ माणसे मेली आणि १६ सैनिक-अधिकाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. बेलग्रेडला यादी चुकीची होती, इथे ती बरोबर होती.

भारतापुरते सांगायचे तर, बेलग्रेडवर ते पाच बॉम्ब पडले त्याच आठवड्यात कारगिलच्या डोंगरांत घुसखोरीची पहिली कुणकुण लागत होती. हवाई दलाच्या मिराज विमानांनी १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उडवला आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझर-नियंत्रित बॉम्ब टाकले. पण त्याआधीचे काही आठवडे शत्रू नेमका कुठे आणि किती आहे हे हुडकण्यात गेले होते. तिन्ही दलांची गुप्तवार्ता एका छताखाली आणणारी संरक्षण गुप्तचर संस्था त्यानंतर, मार्च २००२ मध्ये, उभी राहिली.

आता टार्गेटचा आकडा पुन्हा वाढतो आहे. इस्रायलचे माजी लष्करप्रमुख अवीव कोहावी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की पूर्वी गाझात वर्षाला ५० टार्गेट तयार व्हायची. मे २०२१ मधल्या ११ दिवसांच्या लढाईत संगणकाच्या मदतीने रोज १०० होऊ लागली. क्लार्क यांच्या घाईच्या मोहिमेत नव्या टार्गेटची सरासरी रोज दहा होती. एकेका टार्गेटची ओळख पडताळायला फक्त एक तास धरला, तरी रोज १०० टार्गेट म्हणजे रोज १०० माणूस-तास. आठ तासांच्या पाळीने तेरा विश्लेषक लागतील, तेही चहाला न उठता. बुलेवार उमेत्नोस्तीवरच्या एका क्रमांकाचा नीट शोध घ्यायला एक तास पुरला नसता.